पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची बादली

मी सोसायटीची खजिनदार कशी झाले, तर मीटिंगला गेले नव्हते म्हणून. जो येत नाही त्याच्या गळ्यात घालायचं ही आमच्याकडची पद्धत. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला आमची सात मजली बिल्डिंग, मजल्याला चार असे २८ फ्लॅट, गच्चीवर बांधताना दिलेलं गरम पाण्याचं सोलर, खाली पार्किंग आणि पार्किंगमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भांडण. विषय ठरलेला. कॉमन लाईटचं बिल.

तर खजिनदार झाल्यावर मी उत्साहात पहिलं काय केलं असेल तर ट्यूब मोजल्या. जिना, पार्किंग, कंपाउंड धरून २६ निघाल्या, त्या जुन्या जाड काचेच्या, ४० वॉटवाल्या. त्यांचा चोक वरून आणखी दहाएक वॉट खातो हे मला इलेक्ट्रिशियनने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे धरा ५० वॉट एकीला, २६ म्हणजे १३०० वॉट, रात्रीचे बारा तास, रोजचे साडेपंधरा युनिट, महिन्याला साडेचारशेच्या वर. त्याजागी २० वॉटच्या एलईडी लावल्या तर दोनशेच्या आत. वाचले की पावणेतीनशे युनिट! मी हे सगळं कागदावर मांडून मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि मला वाटलं आता टाळ्या पडणार. पडलं काय, तर "एलईडी टिकतात का हो?" मग त्यावर पाऊण तास.

(टिकतात. जाते ती आतली एलईडी नाही, तिला वीज देणारा ड्रायव्हर जातो, आणि तोही बहुतेक गरमीने. म्हणून बंद काचेच्या गोल ग्लोबमध्ये कोंबलेले बल्ब लवकर उडतात. २०१५ साली सरकारने उजाला योजनेत लाईट बिल दाखवून स्वस्तात बल्ब वाटले होते तेव्हा आम्ही घेतले होते, त्यातला देवघरातला अजून चालू आहे आणि बाथरूमच्या ग्लोबमधले दोन कधीच गेले.)

शेवटी जूनमध्ये एलईडी लागल्या. त्याच्यासोबत सेन्सर पण लावा असा एकाचा आग्रह, म्हणजे माणूस आला की लाईट लागणार, गेला की बंद. ऐकायला भारीच वाटतं. पार्किंगमध्ये लावलेले सेन्सर अंगाच्या उष्णतेवर चालणारे होते, ते मांजरीला पण मान द्यायचे. जिन्यातल्या ट्यूब मात्र रडारवाल्या आल्या आणि त्यांना दाराच्या पलीकडचं पण कळतं, म्हणजे आत हॉलमध्ये कोणी पाणी प्यायला उठलं की बाहेर जिन्यात लख्ख. आणि त्यांचं टायमिंग तीस सेकंदांवर, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना लिफ्टची भीती वाटते आणि ज्या गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढतात, त्या जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत डोळ्यापुढे अंधार. काकू म्हणाल्या, "अगं माझी तिरडी बांधायला तरी लाईट ठेवा." खरंच लाज वाटली. मग टायमिंग दोन मिनिटांवर नेलं आणि प्रत्येक मजल्यावर एक पाच वॉटचा बल्ब रात्रभर चालू ठेवला. सात मजल्यांचे मिळून ३५ वॉट, रात्रीत अर्धा युनिट पण होत नाही, एवढ्यासाठी माणसाला कशाला पाडायचं.

कंपाउंडच्या लाईटची तर वेगळीच गंमत. तिथे अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर बसवला कारण वॉचमन मामा डिसेंबरात सहाला आणि जूनमध्ये पण सहालाच बटण दाबायचे, जूनमध्ये नाशकात सात वाजून गेले तरी उजेड असतो. पण बसवणाऱ्याने सेन्सर बरोबर लाईटच्या खाली बसवला. अंधार पडला, लाईट लागला, त्याचाच उजेड सेन्सरवर पडला, त्याला वाटलं सकाळ झाली, लाईट बंद. परत अंधार. रात्रभर आमचं कंपाउंड लग्नाच्या हॉलसारखं लुकलुकत होतं.

असो. एवढं सगळं करून ऑगस्टमध्ये बिल आलं. वाढून.

वाढून! मी तीनदा बघितलं. मीटिंगमध्ये काय काय ऐकलं ते लिहीत नाही. "जुनं ते सोनं" पासून "कमिशन कोणाला मिळालं" पर्यंत सगळं झालं.

आता मध्येच माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. लेकीला शाळेत विजेवर काहीतरी प्रोजेक्ट होतं. मीटरवर एक बारीक लाल लाईट लुकलुकत असतो बघा, त्याच्या शेजारी आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स असं लिहिलंय, म्हणजे तो ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो. तर रविवारी दुपारी आम्ही घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज, वायफाय, टीव्हीचं बटण, सगळं, आणि हॉलमधला एकच ९ वॉटचा बल्ब चालू ठेवला. लेक खाली मीटररूममध्ये, मी वर, दोघी फोनवर.

"आई काहीच होत नाहीये."
"थांब जरा."
"आई लाईट गेलेत का?"
"नाही गं, बघत राहा."
"डास चावतायत इथे... आला आला! एकदा आला!"

दोन लुकलुकींच्या मध्ये दोन मिनिटांच्या वर वेळ. मग मी बल्ब बंद करून गिझर लावला, आपला साधा पंधरा लिटरचा, दोन हजार वॉटचा. खालून आवाज, "आई हे मोजताच येत नाहीये, टकटकटकटक चाललंय." सेकंदाला जवळजवळ दोन. बल्बला दोन मिनिटं लागत होती आणि हा सेकंदात दोनदा!

हिशोब मला आधी पण माहीत होता, पुस्तकातला. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॉट-तास. थंडीत नळाचं पाणी वीस अंशाच्या आसपास, अंघोळीला लागतं चाळीस, वीस लिटरची बादली, म्हणजे साधारण अर्धा युनिट. तेवढ्यात ९ वॉटचा बल्ब दोन दिवस आणि दोन रात्री चालतो. पण हे वाचणं वेगळं आणि लेकीच्या तोंडून ती टकटक ऐकणं वेगळं. मी त्या पोरीला किती वर्षं गॅलरीतल्या लाईटवरून ओरडतेय, आणि तिचा शॉवर पंधरा मिनिटं चालायचा त्यावर कधी अक्षर बोलले नाही. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पंधरा मिनिटांचं तुम्हीच करा.

आणि पूर्ण बिल्डिंगचं, सगळं पाणी गिझरवरच तापतं असं धरून मांडलं तर, २८ घरं, घरटी चार बादल्या, थंडीत रोजचे ५६ युनिट, महिन्याला १७०० च्या आसपास. आमच्या त्या २६ जुन्या ट्यूब, ज्यांच्यावरून आम्ही चार वर्षं भांडलो, त्या साडेचारशे खात होत्या. पण ट्यूब सगळ्यांना दिसते ना. येता जाता दिसते, दिवसा चालू राहिली की कोणीतरी ग्रुपवर फोटो टाकतं. गिझर दाराआड, वर छताला टेकलेला, त्याचा फोटो कोण टाकणार.

तर डोक्यात हे सगळं असताना सप्टेंबरमध्ये एका दुपारी तीन वाजता मी सहज सोसायटीच्या कॉमन मीटरपुढे उभी राहिले. लाईट बंद, लिफ्ट उभी, पंप बंद. मीटरचा लाल लाईट मात्र वेड लागल्यासारखा. मामांना मीटरपाशी उभं करून मी गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये गेले आणि एकेक एमसीबी, म्हणजे एकेका लाईनचा मेन खटका, खाली पाडायला लागले, मामा खालून फोनवर. चौथ्या एमसीबीला मामा म्हणाले, "थांबला मॅडम, थांबला."

तो एमसीबी सोलरच्या टाकीचा होता. म्हणजे झालं काय की सोलरच्या दोन हजार लिटरच्या टाकीत पावसाळ्यासाठी बॅकअप म्हणून विजेवर पाणी तापवणारं ६ किलोवॉटचं कॉईल असतं, आणि ते कॉमन मीटरवर आहे हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. जुलैत चार दिवस ऊन नाही म्हणून कोणीतरी मामांना सांगितलं "ते वरचं बटण चालू करा", मामांनी केलं, आणि मग ते बंद करायला कोणी सांगितलं नाही म्हणून ते चालूच. कोणी सांगितलं ते आजपर्यंत निघालं नाही, निघणार पण नाही. दोन हजार लिटर पाणी नुसतं एक अंश वर न्यायला सव्वादोन युनिटच्या वर लागतात, ढगाळ दिवसात दहा-पंधरा अंश चढवायचे म्हणजे रोजचे तीसेक युनिट. एलईडीने महिन्याला पावणेतीनशे वाचवले आणि कॉईलने नऊशे खाल्ले.

बंद केलं. ऑक्टोबरचं बिल बघून मी घरी एकटीनेच श्रीखंड आणून खाल्लं.

पण कथा इथे संपत नाही, कारण दिवाळीनंतर थंडी सुरू झाली, निफाडचा पारा पेपरात यायला लागला, आणि ग्रुपवर मेसेजची रांग, सोलरचं पाणी येत नाही, खजिनदारबाईंनी पैसे वाचवायला बंद केलंय का. मी गच्चीवर जाऊन टाकीचा नळ उघडला तर हात भाजला. टाकीत कढत पाणी, आणि खाली तिसऱ्या मजल्यावर थंड. सोलर बसवणाऱ्या लोकांना फोन केला तर ते येऊन सोलरच्या काचेच्या नळ्या पुसून गेले (सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणलेत, काचेवर बोटभर धूळ, त्यामुळे पुसणं पण गरजेचंच होतं म्हणा) आणि आठशे रुपये घेऊन गेले. पाणी थंडच.

उलगडा केला आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजीने. लिफ्टमध्ये भेटल्या, मी विचारलं आजोबा दिसत नाहीत, तर म्हणाल्या, "ते पुण्याला लेकीकडे गेलेत ना दिवाळीपासून, महिना झाला."

आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली, चोकवाली, दोनदा लुकलुकून.

आजोबा जुन्या नाशकातले, तांबट लेनच्या जवळच्या वाड्यात वाढलेले. पहाटे साडेपाचला अंघोळ म्हणजे अंघोळ. आता बघा, गच्चीवरच्या टाकीपासून आमच्या लाईनचा एक इंची पाईप खाली येतो, गच्चीवरचं आडवं अंतर धरून पहिल्या मजल्यापर्यंत तीसेक मीटर सहज. एक इंची पाईपमध्ये मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे पंधरा लिटर पाणी त्या पाईपात रात्रभर पडून गार झालेलं असतं, ते सगळं बाहेर पडल्याशिवाय गरम येत नाही. सातव्या मजल्यावरचा माणूस नळ उघडतो, त्याला गच्चीवरच्या आडव्या पाईपातलं काय ते पाच-सहा लिटर थंड, मग लगेच गरम. त्याने उघडून खालच्यांना काही फायदा नाही, पाईप फक्त त्याच्यापर्यंत गरम होतो. पण पहिल्या मजल्यावरच्याने आधी उघडला की पूर्ण पाईप वरपासून खालपर्यंत गरम, आणि मधल्या सगळ्यांना नळ फिरवला की वाफा!

आजोबा रोज पहाटे एक बादली थंड पाणी काढून बाजूला ठेवत होते आणि त्या पाण्याने आजी नंतर फरशी पुसत होत्या. सहा मजले त्यांच्या जिवावर अंघोळ करत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. ते पुण्याला गेल्यावर आमच्याकडे जो तो दुसऱ्याने आधी नळ उघडायची वाट बघायला लागला, आणि वाट बघून कंटाळला की गिझर लावायला लागला.

आजोबांना फोन करून हे सांगितलं तर ते एवढे हसले. म्हणाले, "आमच्या वाड्यात बंब असायचा, तो पेटला की एकापाठोपाठ एक सगळ्यांनी अंघोळी उरकायच्या, मध्ये कोणी रेंगाळलं की आई ओरडायची, निखारे जातायत म्हणून. वरून एक तांब्या गार ओतायचा आणि तोटीतून तेवढंच कढत घ्यायचं. तुमचा गिझर तेच करतो, फक्त निखारे दिसत नाहीत." गिझर खरंच तेच करतो, थंड पाणी खालून आत जातं आणि वरचं गरम बाहेर ढकलतं.

मग मी सोलरवाल्यांना न बोलावता आपला नेहमीचा प्लंबर बोलावला. दादा गच्चीवर गेला, पाईपावर हात फिरवला आणि हातात काळा भुगा घेऊन खाली आला. पाईपावर जो काळा फोम गुंडाळलेला असतो गरम राहायला, तो उन्हाने कुजून गेला होता, बोट लावलं की बिस्किटासारखा पडत होता. गच्चीवरचा सगळा पाईप उघडा, थंडीत गार वारा त्याच्यावर. नवीन फोम लावला आणि त्यावर चमकणारी ॲल्युमिनियमची टेप, नाहीतर दोन उन्हाळ्यांत परत तेच.

दुसरी गोष्ट त्याने काढली ती मी जन्मात काढली नसती. एका लाईनला भर दुपारी पण कोमटच पाणी. दादा प्रत्येक घरात जाऊन बाथरूममधल्या मिक्सरला, म्हणजे गरम-थंड एकत्र सोडणाऱ्या नळाला, हात लावून बघत होता. एका घरात (कोणतं ते राहू दे) मिक्सरच्या पुढे हातातला फवारा लावलेला, फवाऱ्याचं बटण बंद पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या, गरम आणि थंड, कायम उघड्या. त्यामुळे जास्त प्रेशरचं थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाईनमध्ये घुसत होतं आणि त्या लाईनच्या सगळ्या घरांना कोमट पाणी. एका घरातली चावी, सात घरांची अंघोळ. दादाने तिथे एनआरव्ही टाकला, म्हणजे एकाच दिशेला पाणी जाऊ देणारा वॉल्व्ह. स्वस्तातली वस्तू. जाता जाता माझा गिझर पण उघडला, आतून बोअरच्या पाण्याचा पांढरा खडा ओंजळभर निघाला. मला वाटलं यानेच बिल वाढत असणार, तर दादा म्हणाला, "बिल नाय वाढत ताई, उष्णता जाते पाण्यातच, पण कॉईल जळतं."

फोम आणि वॉल्व्हने बराच फरक पडला, पण पहिली बादली थंड ती थंडच. त्यावर उपाय आहे. पाईपाच्या खालच्या टोकापासून एक बारीक रिटर्न लाईन परत वर टाकीला न्यायची आणि छोटा पंप टायमरवर सकाळी पाच ते नऊ फिरवायचा, म्हणजे पाईपातलं पाणी गार व्हायच्या आत परत टाकीत. कोटेशन आणलं, मीटिंगमध्ये ठेवलं. सातव्या मजल्यावरचे काका उभे राहिले, म्हणाले, "आम्हाला तर गरम पाणी येतंच आहे, आम्ही का वर्गणी द्यायची?"

आता खरं सांगू का, त्यांचं अगदीच चूक नाही. ट्यूबचं बिल सगळ्यांचं, म्हणून सगळे भांडतात आणि सगळे पैसे पण देतात. गिझरचं बिल ज्याचं त्याच्या घरात, महावितरणचं शंभरच्या आतलं युनिट स्वस्त आणि तीनशेच्या वर गेलात की महाग, तो फटका मला दुसऱ्या मजल्यावर बसतो, त्यांना सातव्यावर नाही. एक तरुण मुलगा म्हणाला हे सगळं सोडा, गच्चीवर विजेचं सोलर लावू, पीएम सूर्यघरमध्ये सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार सबसिडी आहे. आहे, बरोबर आहे, आणि लावू पण कधीतरी. पण जी सोसायटी बॅकअपचं बटण तीन महिने विसरते तिने आधी एमसीबीवर नावं लिहावीत असं माझं मत. लिहिलीत आता, मार्करने, माझ्या अक्षरात.

कोटेशन फाईलला लागलंय, सप्टेंबरच्या वार्षिक सभेला परत काढायचं ठरलं. मध्ये संक्रांतीला गच्चीवर पतंगाच्या नादात कोणीतरी सोलरची एक काचेची नळी फोडली, एक फुटली की पूर्ण टाकी रिकामी होते हे तेव्हा कळलं, आणि नवीन नळी टाकल्यावर भर उन्हात टाकी भरायची नाही, तापलेल्या कोरड्या काचेत गार पाणी गेलं की बाकीच्या पण तडकतात, म्हणून मामांनी अंधार पडल्यावर भरली. आजोबा तोवर परत आले. त्यांचं सुरू झालंय, साडेपाचची बादली. आजी आता त्या पाण्यातलं अर्धं माझ्या कढीपत्त्याला पाठवतात.

काल सकाळी सव्वासातला फोन. सातव्या मजल्यावरचे काका.

"अहो, आमच्याकडे दोन दिवस झाले कोमटच येतंय. तुम्ही वर काही बंद केलंय का?"

मी म्हटलं, "काका, नवीन फवारा लावलात का बाथरूममध्ये?"

जरा वेळ काही आवाज नाही. मग लांबून काकूंना विचारल्याचा आवाज, आणि मग, "तो तुमचा प्लंबर, त्याचा नंबर पाठवता का?"